हात धुवायला शिकवताना या चुका टाळा: खेळ वर्गात रंगतो, नळावर फसतो

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन, २००८ पासूनचा. आपल्याकडे त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनही असतो. त्यामुळे परिपाठ झाला की घाईघाईत प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतात, केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर जातात आणि आपण पुस्तकांकडे वळतो. आमच्या द्विशिक्षकी शाळेत मीही तीन वर्षं हेच केलं. मुलांना कृती तोंडपाठ होती. त्याच दुपारी खिचडीच्या वेळी तीच मुलं नळाखाली बोटं धरायची, चड्डीला पुसायची आणि ताट घेऊन बसायची.

कोरड्या हातांनी वर्गात नाच केला की तो नाच म्हणूनच लक्षात राहतो. खेळ घ्यायचा तर नळाजवळ, हात ओले असताना आणि भूक लागलेली असताना घ्या. प्रात्यक्षिकात ‘सुमन-के’ ही अक्षरांची युक्ती सांगतात: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. हे हिंदीत जुळतं. पहिलीच्या पोराला विचारलं, “क म्हणजे काय रे?” तर म्हणाला, “कोपर, बाई!” आणि खरंच कोपरापर्यंत साबण लावून उभा राहिला. चूक माझीच, कलाई म्हणजे मनगट हे त्याला कोण सांगणार?

म्हणून आम्ही बेचा पाढा घेतला. साबण लावून निदान २० सेकंद चोळायला हवं आणि दहा ओळी नीट म्हटल्या की तेवढा वेळ जातो. पण नुसता पाढा म्हणायला लावला तर मुलं तो एक्सप्रेससारखा सोडतात. दर ओळीला एक कृती बांधा. ‘बे एके बे’ला तळहात, ‘बे दुणे चार’ला उजव्या हाताची पाठ, ‘बे त्रिक सहा’ला डाव्या हाताची, ‘बे चोक आठ’ला बोटांच्या बेचक्या. पुढच्या दोन ओळी मुठींना, त्यानंतरच्या दोन अंगठ्यांना, एक नखांना आणि ‘बे दाहे वीस’ मनगटाला. हात आपोआप पाढ्याला लगाम घालतात. तिसरी-चौथीला बाराचा पाढा द्या, तेवढाच पाठांतराला हातभार.

मिरपुडीचा प्रयोग जपून

बशीत पाणी, वर मिरपूड, साबणाचं बोट टेकवलं की पूड सरसर काठाला पळते. मुलं टाळ्या पिटतात. घोटाळा नंतर होतो. आमच्याकडे एकीने साबणाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाली, “पळाले जंतू!” पूड पळते ती साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो म्हणून. हातावरची घाण अशी पळत नाही, ती चोळून सुटी करावी लागते आणि मग पाण्याने वाहून जावी लागते. प्रयोग दाखवायचाच असेल तर हे लगेच सांगा.

मला हळद जास्त पटली. अर्धा चमचा हळद, चार-पाच थेंब गोडंतेल, दोन्ही हातांना मागून-पुढून चोळायचं. मग डोळे मिटून वडीच्या साबणाने हात धुवायचे. आमटीचा डाग साबण लागला की लाल होतो, तसाच इथे फेस लालसर होतो. डोळे उघडले की जिथे साबण पोचलाच नाही ती जागा पिवळीधमक दिसते: अंगठ्याचं मूळ, बेचक्या, नखांच्या कडा. मला काही बोलावंच लागत नाही, मुलं एकमेकांचे अंगठे धरून वाद घालतात. रंग बदललाच नाही तर साबण पाहा. वडीचा साबण आम्लारिधर्मी असतो, हळद त्यानेच लाल होते. बरेच द्रव हँडवॉश तसे नसतात. नखं एक-दोन दिवस पिवळी राहतात, पालकांना आधी सांगून ठेवा. आणि पांढऱ्या गणवेशावर हा प्रयोग करू नका, मी केला आहे.

रांगेचं गणित

ही चूक सगळ्यात मोठी आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पट ५४, नळ दोन, प्रत्येकाला एक मिनिट. म्हणजे २७ मिनिटं. तोवर खिचडी गार आणि मागचं पोर नळाला पाठ फिरवून ताटावर! दोष मुलांचा नाही. आम्ही दहा फुटी पीव्हीसी पाइप आडवा बांधला, एक टोक बुचाने बंद, दुसरं टाकीला. फूटभर अंतराने नऊ भोकं. नऊ जणांची एक तुकडी, सहा तुकड्या, दहा मिनिटांत काम होतं. पहिल्यांदा तापलेल्या खिळ्याने मोठी भोकं पाडली, तर पाचव्या भोकापुढे पाणीच जाईना. तीन मिलिमीटरची भोकं ड्रिलने पाडल्यावर शेवटच्यालाही धार मिळाली. हात ओले झाले की कॉक बंद, पाढा म्हणायचा, मग कॉक चालू. कॉक फिरवण्याचा मान रोज वेगळ्याला. त्यासाठी मुलं भांडतात, वर्गप्रमुखपदासाठी इतकी भांडत नाहीत.

साबण उघड्यावर ठेवलात तर कावळा नेतो, कावळा चुकला तर उंदीर. जुन्या मोज्यात किंवा जाळीत वडी घालून पाइपला टांगा. ओल्या हाताने मोजा दोनदा चोळला की पुरतो.

आता घरची गोष्ट. आपल्याकडे जेवल्यावर हात अगदी मनापासून धुतात, कारण तेल असतं, वास असतो. जेवणाआधी मात्र मोठी माणसंही बोटं ओली करून पाटावर बसतात. मुलं तेच उचलतात. जंतनाशक दिनाला अल्बेन्डाझोलची गोळी दिली तरी नखातल्या मातीबरोबर जंतांची अंडी पुन्हा पोटात जाऊ शकतात. म्हणून ‘आधी की नंतर?’ हा प्रश्न रोज ताटं वाढायच्या आत विचारते. चुकीचं उत्तर देणाऱ्याला उभं करत नाही. सोमवारी नखं तपासताना पूर्वी मी उभं करायचे. त्यातून दोघे सोमवारी शाळेतच येईनासे झाले.

हात धुऊन झाल्यावर चड्डीला पुसणं काही केल्या सुटेना. रुमाल आणा म्हटलं तर एकाच रुमालात नाकही आणि हातही. आता फुलपाखरू करतो: दोन्ही हात झटकत, पंख हलवत पंगतीपर्यंत जायचं. दोघांत हातभर अंतर ठेवायला लावा, नाहीतर पुढच्याच्या मानेवर पाणी उडतं आणि पंगतीऐवजी मारामारी सुरू होते.