मुदत संपली तरी भाडेकरू हलेना? घरमालकांनो, या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी एका काकांचा फोन आला. आवाज खुशीत. "फ्यूज काढून खिशात घातलाय. बघू किती दिवस अंधारात बसतात!" करार संपून दीड महिना झाला होता, भाडेकरूचं "पुढच्या रविवारी नक्की" चालूच होतं आणि काकांचा धीर सुटला होता. तासाभराने पुन्हा फोन, या वेळी हळू आवाजात: "चौकीवर बोलावलंय." सकाळपर्यंत ज्यांची बाजू भक्कम होती, ते काका रात्री नऊ वाजता भाडेकरूच्या लहान मुलाला आपण मुद्दाम त्रास दिला नाही, हे हवालदाराला पटवून देत होते.

मी हे महाराष्ट्रापुरतं लिहितोय. इतर राज्यांचे कायदे वेगळे आहेत.

"माझंच घर, मी कुलूप बदलतो"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. करार संपला म्हणजे भाडेकरूचा राहण्याचा हक्क संपला, पण ताबा अजून त्याच्याकडेच आहे, आणि तो कायद्याच्या मार्गानेच काढून घ्यावा लागतो. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क उरला नसला तरी, मालकाने परस्पर बाहेर काढायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कुलूप तोडून सामान जिन्यात ठेवलंत, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच नसतो, बेकायदा बाहेर काढलं का एवढंच बघतात. पाणी आणि वीज तोडण्याचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ मध्ये भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा पुरेशा कारणाशिवाय तोडणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सोसायटीच्या वॉचमनला "त्यांना लिफ्ट देऊ नको" सांगणं हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ.

"नोटरी केलाय की साहेब"

हे वाक्य ऐकलं की मला पुढचं सगळं कळतं. शंभर-पाचशेचा स्टॅम्प पेपर, कोर्टाबाहेरच्या टेबलावर नोटरीचा शिक्का, अकरा महिन्यांची मुदत. अकरा महिन्यांच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, अशी एक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी देणारा) कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. "आमचं तोंडी तीन वर्षांचं ठरलं होतं" असं तो म्हणाला, तर ते खोडून काढत बसायचं तुम्ही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच.

आणि हे सगळं किती पैसे वाचवण्यासाठी? वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब करा. एकूण भाडं २,२०,०००. डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरायचं व्याज सुमारे ९,१६७. या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम पावणेसहाशे रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटाची फी सोडली तर एका महिन्याच्या मेंटेनन्सएवढाही हा खर्च नाही.

चुकीच्या दारात जाणं

निवासी घर लिव्ह अँड लायसन्सवर दिलं असेल आणि मुदत संपली असेल, तर दिवाणी कोर्टात जायचं नसतं. त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करायचा. कित्येक जण आधी पोलिसांकडे जातात, तिथे "हे दिवाणी प्रकरण आहे" ऐकून परततात, मग ओळखीच्या वकिलाकडून साधा दावा लावतात आणि वर्ष घालवतात.

कलम २४ मध्ये मालकाच्या हातात खूप काही दिलंय. लेखी करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून नोंदणीकृत करारातल्या तारखेपुढे "आम्ही नुसते परवानगीने राहत नाही, खरं तर हक्काचे भाडेकरू आहोत" हा बचाव टिकणं अवघड जातं. करारात नाव नसलेला भाऊ किंवा मेहुणा "मीही इथे राहतो" म्हणत आला, तर त्याचा दावा प्राधिकारी ऐकत नाहीत. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा हुकूम होतो. मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई, म्हणजे वरच्या उदाहरणात महिना चाळीस हजार. नोटिशीत हा आकडा स्वच्छ लिहा. माझ्या पाहण्यात निम्मी प्रकरणं हा आकडा वाचूनच मिटतात.

मात्र दुकान, गोडाऊन किंवा ऑफिस दिलं असेल तर हा रस्ता नाही. तो वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो. पागडीचं किंवा जुन्या भाडेकराराचं घर असेल तर कलम १६ मधली कारणं सिद्ध करावी लागतात. ती गोष्टच निराळी आणि लांब.

गप्प बसून भाडं घेत राहणं

मुदत संपली आणि दर पाच तारखेला खात्यात वीस हजार येत राहिले, तुम्ही काहीच बोलला नाहीत. सहा महिन्यांनी भाडेकरू म्हणतो, "यांनी करार वाढवला, बँकेचं स्टेटमेंट बघा." पैसे परत करायलाच हवेत असं नाही, पण त्याच दिवशी लेखी कळवा: करार अमुक तारखेला संपला आहे, नूतनीकरण केलेलं नाही, ही रक्कम केवळ वापराची नुकसानभरपाई म्हणून, हक्क अबाधित ठेवून घेत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, दिवाळीपर्यंत राहा" लिहिताना तर दहादा विचार करा. माणुसकी म्हणून मुदत द्यायची असेल तर जरूर द्या, पण तारीख घाला आणि खाली त्याची सही घ्या.

याच्या उलट एक भीतीही असते. "बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होतं." तुमच्या परवानगीने आत आलेला माणूस नुसता राहून राहून मालक होत नाही. त्या धास्तीने रात्री गुंड पाठवू नका.

बारीकसारीक, पण अडणारं

करार करताना भाडेकरूचा गावाकडचा कायमचा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण नोंदवून घ्या. तो दार उघडत नसेल तर समन्सची बजावणी त्या पत्त्यांवर करता येते. मालक परदेशात असेल तर आईवडिलांना नुसतं "तुम्ही बघा" सांगून भागत नाही. कुलमुखत्यारपत्रात अर्ज करण्याचा, साक्ष देण्याचा आणि ताबा घेण्याचा अधिकार शब्दशः लिहिलेला हवा. अर्जाच्या वेळी ते नाही म्हणून महिना-दोन महिने फुकट गेलेले मी पाहिलेत.

शेवटच्या दिवशी घाई नको. आधी सगळ्या खोल्यांतून एकत्र फिरा, वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, किल्ल्या मोजून घ्या, गॅलरीच्या जाळीची आणि टपालपेटीचीसुद्धा. वजावट दाखवून उरलेलं डिपॉझिट तिथल्या तिथे ऑनलाइन पाठवा आणि ताबापावतीवर दोघांच्या सह्या घ्या. कुलूप बदलायचं ते त्यानंतर.