मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही? फोन बदलण्याआधी हे करा

साताऱ्याच्या शनिवार पेठेत काय किंवा सांगलीच्या गावभागात काय, बरीच जुनी घरं एकाच घाटणीची. रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब, रेल्वेच्या डब्यासारखी. फायबरवाला पोरगा खांबावरून वायर ओढतो, पहिली खिडकी दिसली की तिथेच भोक पाडतो, टीव्हीच्या शोकेसमध्ये राउटर ठेवतो आणि ‘झालं बघा काका’ म्हणून निघून जातो. मग स्वयंपाकघरात व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो आणि घरातले निकाल देऊन मोकळे होतात: फोन जुना झाला. फोन बहुतेक वेळा बिनदोष असतो.

राउटर बंद-चालू करणं, फोन रिस्टार्ट करणं, जाड धातूचं कव्हर किंवा गाडीच्या स्टँडची लोखंडी चकती काढून बघणं, हे सगळं करून झालंय असं मी धरतो. राउटरच्या शेजारी उभं राहूनही नेट रडत असेल, तर ती तक्रार कंपनीकडे करा. जवळ सुसाट आणि आत ठणठणाट, एवढाच आपला विषय.

आधी मोजा

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपल्या मर्जीने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असतो आणि तो उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ नंतर रडारड सुरू होते आणि उणे ८५ ला वायफायचं नाव दिसतं, बाकी काही नाही. आकडा तीनने घसरला की ताकद निम्मी, दहाने घसरला की दहावा हिस्सा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट ॲप चालेल. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या, फक्त त्यातला स्कॅनर सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

फोन जिथे खरंच वापरता तिथे मोजा: ओट्यापाशी, पलंगाच्या उशाशी, परसात. राउटरकडे पाठ करून एकदा आणि तोंड करून एकदा, कारण माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी आणि पाणी हा सिग्नल गिळतं. आणि घाई करू नका. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतो. खोली बदलून लगेच आकडा वाचलात तर तो मागच्याच खोलीचा असू शकतो.

राउटर शोकेसमधून बाहेर काढा

डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर, लोखंडी कपाट, आरसा आणि फ्रिजपासून लांब. जुन्या घरातली काळ्या दगडाची दीड-दोन फुटी भिंत किंवा नव्या घरातला सळ्यांचा कॉलम, यांच्या आरपार जायचा हट्ट धरू नका. दारातून दार दिसेल अशा रेषेत राउटर आणा. भिंत तिरकी ओलांडावी लागली की सिग्नलला तेवढी जास्त जाडी पार करावी लागते, म्हणून चार पावलं सरकवल्यानेही फरक पडतो. दांडीवाल्या अँटेना असतील तर उभ्याच ठेवा. वरच्या मजल्याला रेंज हवी असेल तर एक आडवी करा.

फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर मात्र स्वतः ओढाताण करून वळवू नका. आत काच असते. लांबवायची असेल तर लाइनमनला बोलवा, जोड त्यालाच मारू द्या.

दोन पट्टे

आजचे बरेच राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर, सोडतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण गर्दीत अडकतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका जाड भिंतीतच गारद. (नावापुढे ‘५जी’ लिहिलंय त्याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काडीचा संबंध नाही.) घरात एकच राउटर असेल तर दोन्हींना वेगळी नावं द्या आणि लांबच्या खोलीत २.४ वापरा. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (पट्ट्यातली एक मार्गिका) १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सगळ्यात कमी गोंगाट असलेला निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ८ असला मधलाच चॅनल घेणं म्हणजे दोन्ही बाजूंचा गोंगाट अंगावर ओढवून घेणं.

दुसरा राउटर: खरी मेख इथे आहे

एवढं करूनही मागच्या खोलीत आकडा उणे ७५ च्या खाली असेल, तर तिथे दुसरा राउटर लागणार. कंपनी बदलताना मागे राहिलेला जुना राउटर माळ्यावर असेल तर तोही चालतो, पण त्याला फायबरचा जोड मारायचा नाही. पहिल्या राउटरपासून तिथपर्यंत लॅन केबल (राउटर-लॅपटॉप जोडायची नेटवर्कची वायर) ओढायची. शंभर मीटरपर्यंत केबलला काही होत नाही. ‘कॅट ६’ प्रकारची घ्या आणि दुकानदाराला शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात गळ्यात मारतात, ती वळणावर तुटते. टोकाला आठही तारा जोडल्यात ना ते बघा. चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसवर अडतो.

आता सेटिंग. माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच गेलंय. दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (राउटर पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवतो तो प्रकार) असेल तर तो निवडा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या.

नसेल तर क्रम पाळा. दुसरा राउटर आधी लॅपटॉपला एकटाच जोडा, घरच्या नेटला अजून नाही. घरच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता (आयपी ॲड्रेस) असतो. पहिल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला त्याच रांगेतला, पण कुणाला वाटला न जाणारा पत्ता द्या. लोक डोळे झाकून .२ (म्हणजे १९२.१६८.१.२) देतात. पण बऱ्याच कंपन्यांच्या राउटरमध्ये फोनना वाटायचे पत्ते .२ पासूनच सुरू होतात. मग तोच पत्ता एखाद्या दिवशी कुणाच्या तरी फोनला जातो आणि नेट कधी चालतं, कधी नाही, असं भूत घरात शिरतं. म्हणून पहिल्या राउटरमध्ये वाटपाची हद्द १०० ते २०० करून टाका, मग .२ निर्धास्त द्या. त्यानंतर दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा. दोघे वाटायला बसले की अर्ध्या फोनवर ‘इंटरनेट नाही’ येणारच. शेवटी केबल लावा, आणि ती वॅन (बाहेरून नेट आत यायचं) लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात नाही, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात. वॅनमध्ये लावलीत तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. नेट चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण चालता चालता खोली बदलली की कॉल तुटतो.

दोन्ही राउटरना नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षर न् अक्षर सारखा द्या. चॅनल मात्र वेगळे, एकाला १ तर दुसऱ्याला ११. पट्ट्यांना वेगळी नावं दिली असतील तर तीच जोडी दुसऱ्यालाही.

आणि इथपर्यंत नीट केलेली माणसं पुढच्या गोष्टीवर अडकतात. स्वयंपाकघरात नवा राउटर डोक्यावर आहे, तरी फोन पुढच्या खोलीतल्या जुन्यालाच चिकटून बसलेला असतो! कुठल्या राउटरला धरायचं हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो. हातातला सिग्नल बऱ्यापैकी असेपर्यंत तो दुसरा शोधायलाच जात नाही. आयफोन साधारण उणे ७० ला शोध सुरू करतो, अँड्रॉइडमध्ये ते कंपनीगणिक बदलतं.

यावर सल्ला मिळतो की दोन्ही राउटरची पॉवर फुल्ल करा. साफ चूक. उलट करायचं आहे, पुढच्या राउटरची पॉवर कमी करायची. कारण वायफाय हे दोन्ही बाजूंनी बोलणं आहे. राउटरचा आवाज मोठा आणि फोनचा लहान, त्याला बॅटरी जपायची असते. राउटर ओरडला तर फोनला ऐकू जातं, दांड्या फुल्ल दिसतात. पण फोनचं उत्तर भिंतीतच विरतं. रेंज फुल्ल आणि फोटो काही जात नाही, हा प्रकार यातूनच येतो. पुढचा राउटर ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा (काहींत टक्के असतात, ५० करून बघा) आणि स्वयंपाकघरात जाऊन परत मोजा. तिथे जुन्या राउटरचा आकडा उणे ७५ च्या खाली आणि नव्याचा उणे ६० च्या आसपास आला की फोन आपणहून उडी मारतो. २.४ ची पॉवर आधी कमी करा, लांबून चिकटून राहणारा फोन बहुधा त्यावरच असतो.

पडताळणी सोपी. व्हिडिओ कॉल लावून दारापासून परसापर्यंत चालत जा. क्षणभर चित्र थबकलं तर चालेल, कॉल तुटता कामा नये. तुटला तर आधी वॅन-लॅनचं भोक तपासा.

पैसे कुठे घालू नयेत

भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर भाड्याच्या घरात, केबल ओढायची परवानगीच नसेल तर घ्या. एरवी नको. एकच पट्टा वापरणारा रिपीटर आलेली गोष्ट तिथूनच पुढे फेकतो, त्यात वेग निम्मा होतो. घ्यावाच लागला तर जिथे रेंज नाही तिथे लावू नका, जिथे अजून उणे ६५ च्या आत आहे अशा मधल्या जागी लावा. फोनच्या पाठीला चिकटवायचे ‘सिग्नल बूस्टर’ स्टिकर म्हणजे निव्वळ टोपी. आणि मोबाइलच्या टॉवरची रेंज ओढणारा बूस्टर गच्चीवर बसवून देतो म्हणून कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडते. घरात फोन लागत नसेल तर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू करा. एअरटेल आणि जिओने ते २०१९-२० च्या हिवाळ्यातच सुरू केलंय, फोनच्या सिम सेटिंगमध्ये सापडेल.

एक राहिलं. लाइट गेल्यावर पुढचा राउटर इन्व्हर्टरवर आणि मागचा बंद, असं असेल तर स्वयंपाकघरातला फोन परत पुढच्या राउटरला लोंबकळतो, आणि त्याची पॉवर तर आपण मुद्दाम उतरवलेली. राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस दोन्हींना लावा. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट, ॲम्पिअर आणि पिनची जाडी जुळवून घ्या. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण माळ्यावरचा जुना ९ चा निघू शकतो.