सातेरीची पेटी आजारी पडली? औषध घालण्याआधी या चुका टाळा

सातेरी या देशी मधमाशीच्या पेटीत मेणकिड्याची (पोळ्याचे मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळीची) जाळी दिसली की रोग सापडला, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक. भरलेली वसाहत मेणकिड्याला थारा देत नाही. माश्या कमी झाल्या, पोळे उघडे पडले की त्याच्या अळ्या बोगदे पाडतात. जाळी काढाच, रिकामी पोळीही काढून घ्या, पण माश्या कमी का झाल्या हे आधी शोधा. पोळ्याच्या एकाच घरात (षटकोनी कप्प्यात) दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असतील, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. तसे नसेल तर उत्तर पिल्लांच्या चौकटीत मिळेल.

चौकट पाहताना ऊन पाठीमागून येऊ द्या, म्हणजे घराच्या तळापर्यंत उजेड पोहोचतो. माश्या झटकू नका, मऊ ब्रशने सारा. सातेरी बिथरली की पेटीच सोडते. पावसात किंवा गार वाऱ्यात चौकट उघडी धरू नका. गारठून मेलेली पिल्लेही रोगट दिसतात.

सातेरीच्या नरकोषांच्या (नर माश्या वाढतात त्या घरांच्या) झाकणावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढे भोक असते. हा रोग नाही, ती तिची नैसर्गिक ठेवण आहे. असे कोष रोगट समजून कापू नका. कामकरी कोषांवर मात्र भोके किंवा कुरतडलेली झाकणे दिसली, तर आतली अळी पाहायलाच हवी.

अळी घरात उताणी, लांब पसरलेली आणि डोक्याचे टोक काळसर होऊन वर उचललेले असेल, तर थाई सॅकब्रूडचा, म्हणजे अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाचा, संशय घ्या. चिमट्याने हळूच उचलून बघा. या रोगात अळी न फाटता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. 1991-92 मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरी पेट्यांचा या विषाणूने मोठा संहार केला होता. युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळ्या बहुधा झाकण लागण्याआधीच मरतात, वेड्यावाकड्या वळलेल्या व पिवळसर दिसतात आणि अनेकदा आंबट वास येतो. तो जीवाणूचा रोग आहे. हे दोन्ही एकच समजून पाकात प्रतिजैविक मिसळणे सगळ्यात घातक. विषाणूवर ते काडीचाही परिणाम करत नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो.

सॅकब्रूडवर औषधच नाही. जास्त बाधित पोळी काढून नष्ट करा, उरलेल्या माश्या कमी चौकटींवर एकवटा आणि राणीला पिंजऱ्यात ठेवून सुमारे तीन आठवडे अंडी थांबवा. नवी पिल्ले नसली की माश्यांना घरे साफ करायला उसंत मिळते. निरोगी वसाहतीची राणी मिळाली तर अधिक चांगले. साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. बाहेर सांडलेल्या पाकामुळे इतर पेट्यांच्या माश्या लूटमारीला येतात आणि रोग शेजारच्या पेटीत जातो. त्याच कारणाने आजारी पेटीचे पोळे किंवा मध दुसऱ्या पेटीला देऊ नका. हत्यारे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुवा.

मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) पेटीत नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. पिल्लांच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या (राणी त्यात नाही ना, ते नक्की बघून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. दोन चमचे बारीक पिठीसाखर घालून मिनिटभर फिरवा, दोन मिनिटे ठेवा आणि साखर पांढऱ्या ताटात झटका. व्हरोआ कोळी (माश्यांच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी) मोजून तीनने भागा. शंभर माश्यांमागे तीन किंवा अधिक आले तर उपचार लांबवू नका. ट्रोपिलिलॅप्स हा दुसरा परजीवी कोळी माश्यांच्या अंगावर फार टिकत नाही, त्यामुळे या चाचणीत तो निसटतो. त्यासाठी माश्या उतरवून चौकट पांढऱ्या ताटावर आपटा. लांबट, तपकिरी, भरभर पळणारा दिसला की तोच.

प्रवेशद्वारासमोर एका दिवसात मेलेल्या माश्यांचा सडा पडला आणि अनेकींची जीभ बाहेर असेल, तर रोगाऐवजी आसपासच्या शेतात झालेली फवारणी तपासा.

तरीही निदान होत नसेल, तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारा. नमुना म्हणून दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, मेलेल्या अळ्या असलेला पोळ्याचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घ्या. प्लास्टिकमध्ये त्याला बुरशी धरते आणि नमुना वाया जातो.