फ्लोरेसच्या डोंगरातील गाव कसे समजून घ्यावे

इंडोनेशियात सुमारे ७५ हजार गावे आहेत आणि त्या सगळ्यांना लागू पडेल असे मार्गदर्शन कोणालाही करता येणार नाही. म्हणून हे लेखन एकाच मुलखापुरते मर्यादित ठेवले आहे. तो मुलूख म्हणजे पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेचा मांगाराई प्रदेश. ग्रामविकास, शेती किंवा समाजकार्य यांचा अभ्यास करणाऱ्या आणि तेथील एखाद्या आडवळणाच्या गावात दोन-तीन आठवडे राहून त्या गावाचे आज आणि उद्या जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी ते आहे. पहिल्या दिवशी रस्ता, नळ, वीज आणि मोबाइलची रेंज यांतले काय नाही तेवढेच डोळ्यांत भरते. या उणिवा खऱ्या असल्या, तरी गावाचे भवितव्य त्यांवरून कळत नाही. ते जमीन कोणाच्या शब्दाने वाटली जाते, पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि तरुण मुले कोठे जातात, यावरून कळते. चौकशीही याच क्रमाने करावी.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी ३० दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो आणि तो एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. मात्र रीतसर संशोधन करायचे असेल तर हा व्हिसा चालत नाही. इंडोनेशियाच्या २०१९ च्या विज्ञान-तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे परदेशी संशोधकाला सरकारी परवानगी घ्यावीच लागते. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम प्रवासाला सोयीचा असतो. लाबुआन बाजो येथे विमानाने उतरून रुतेंग या डोंगरी शहरापर्यंत मोटारीने जाता येते. पुढे बाके बसवलेला मालट्रक किंवा ‘ओजेक’, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, आणि शेवटी बहुधा पायवाट.

जाण्यापूर्वी निदान तीन महिने इंडोनेशियन भाषा शिकावी. गावात आपापसांत मांगाराई भाषा बोलली जाते, पण शाळा आणि कार्यालय यांमुळे इंडोनेशियन बहुतेकांना येते. मराठी माणसाला ही भाषा अनपेक्षितपणे जवळची वाटते, कारण भाषा, गुरु आणि नाम हे शब्द तेथे ‘बहासा’, ‘गुरु’ आणि ‘नामा’ या रूपांत भेटतात, तर गावासाठीचा ‘देसा’ हा शब्द आपल्या ‘देश’ शब्दापासून आलेला आहे. संबोधनांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. फ्लोरेसमध्ये ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ किंवा थोरली बहीण, आणि ‘मामा’ म्हणजे आई, किंवा आईच्या वयाची कोणतीही बाई. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘बापाक’ म्हणावे.

गावात पोहोचल्यावर २४ तासांच्या आत नोंद करण्याची रीत आहे. प्रथम ‘केपाला देसा’, म्हणजे निवडून आलेले गावप्रमुख, यांच्याकडे कार्यालयात जावे. त्याच दिवशी ‘तुआ गोलो’, म्हणजे परंपरेने चालत आलेले वडीलधारे प्रमुख, यांच्या घरीही जावे. दोन्ही ठिकाणी जाणे आवश्यक आहे, कारण सरकारी कागद पहिल्याकडे असतो आणि जमिनीची व रूढीची स्मृती दुसऱ्याकडे. स्वागताच्या विधीत कोंबडा आणि ताडीसारखे पेय पुढे केले जाते. त्याचा आदराने स्वीकार करावा. आपण मांस खात नसल्यास ते घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी कोणाचा मान दुखावत नाही.

आता जमीन. येथे घाई करू नये. मांगाराईत एक म्हण आहे, ‘गेन्दांग ओने, लिंगको पेआंग’. म्हणजे आत ढोल, बाहेर शेत. ज्या मूळ घरात कुळाचे ढोल टांगलेले असतात ते ‘म्बारू गेन्दांग’ आणि त्या कुळाची सामाईक शेतजमीन, म्हणजे ‘लिंगको’, यांचे नाते तोडता येत नाही, असा तिचा आशय आहे. लिंगकोच्या मध्यबिंदूला ‘लोदोक’ म्हणतात. तेथे खुंट रोवून बाहेरच्या वर्तुळापर्यंत सरळ रेषा आखल्या जातात आणि प्रत्येक कुटुंबाला पाचरीच्या आकाराचा हिस्सा मिळतो. मध्याशी त्याची रुंदी बोटांनी मोजली जाते. हे वाटप करणाऱ्याला ‘तुआ तेनो’ म्हणतात. रुतेंगच्या पश्चिमेला चांचार येथे टेकडीवर चढले की अशी भातशेते कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली दिसतात. पर्यटक तेथे छायाचित्र काढून परततात; अभ्यासकाने खाली उतरून तीन प्रश्न विचारावेत. नव्याने लग्न झालेल्या मुलाला हिस्सा मिळाला का? कोणी आपली पाचर विकली वा गहाण टाकली का? आणि मुलींचे काय? या तीन उत्तरांतून गावाची पुढची वीस वर्षे जेवढी दिसतात तेवढी कोणत्याही अहवालातून दिसत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

जमिनीच्या बोलण्यात जंगलाचा विषय निघेलच. उंचावरच्या अनेक कॉफीबागा सरकारने वनक्षेत्र म्हणून आखलेल्या जमिनीवर आहेत. २००४ च्या मार्च महिन्यात, कॉफीची झाडे तोडण्याच्या सरकारी मोहिमेनंतर निषेधासाठी रुतेंगला गेलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २०१३ मध्ये घटना न्यायालयाने, रूढीने चालत आलेली जंगले ही सरकारी जंगले नव्हेत, असा निर्णय दिला. पण निर्णय होणे आणि गावाच्या नावाने नकाशा तयार होणे यांत मोठे अंतर असते. हा विषय आपण होऊन काढू नये. कोणी बोलू लागले तर वही मिटून ऐकावे.

पैशाचा अंदाज वर्षाच्या हिशेबाने घेऊ नये. महिन्यांचे कोष्टक मांडावे. कॉफी, लवंग, केमिरी नावाची तेलबी आणि व्हॅनिला यांची काढणी वेगवेगळ्या वेळी होते आणि त्यांचे भाव दूरच्या बाजारात ठरतात. पावसाळ्यात, नवे पीक हाती येण्यापूर्वी, घरातले धान्य संपत आलेले असते. अशा वेळी पीक झाडावर असतानाच कमी भावात व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची पद्धत आहे. तिला ‘इजोन’ म्हणतात. कोणत्या घरांना इजोन करावे लागते आणि कोणती घरे ते टाळू शकतात, हे समजले की गावातली गरिबी नेमकी कोठे आहे ते कळते. टाळू शकणाऱ्यांच्या मागे बहुधा पतसंस्था असते, किंवा ‘अरिसान’, म्हणजे हुबेहूब आपली भिशी.

सार्वजनिक पैशाचा मार्ग तुलनेने उघड असतो. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून केंद्र सरकार प्रत्येक गावाला ‘दाना देसा’, म्हणजे ग्रामनिधी, देते. त्याचा वार्षिक तपशील कार्यालयाबाहेरच्या मोठ्या फलकावर लावलेला असतो. तो उतरवून घ्यावा आणि फलकावरचा रस्ता, पाण्याची टाकी वा बांध स्वतः चालत जाऊन पाहावा. शक्य असल्यास ग्रामसभेला मागे बसावे आणि बायका किती वेळा बोलतात ते मोजावे. बालकांचे वजन घेणारे मासिक केंद्र, ‘पोस्यान्दु’, हेही चुकवू नये. अंगणवाडी पाहिलेल्या माणसाला तेथे काय पाहायचे ते सांगावे लागत नाही, आणि या प्रांतात बालकांची खुंटलेली वाढ हा फार मोठा प्रश्न आहे.

तरुणांविषयी विचारताना ‘वुआत वाइ’ या समारंभापासून सुरुवात करावी. त्याचा अर्थ पायांसाठी शिदोरी. मूल महाविद्यालयासाठी दूरच्या शहरी निघाले की नातेवाईक आणि गावकरी जेवणाला जमतात आणि प्रत्येक जण शिक्षणासाठी पैसे देतो. ती मदतही आहे आणि देणेही, कारण उद्या दुसऱ्याच्या मुलासाठी तेवढेच परत करायचे असते. मला या प्रथेबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यामुळेच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. पदवी घेऊन परतलेल्या किती जणांना काम मिळाले? पुष्कळ जण तुटपुंज्या मानधनावर कंत्राटी शिक्षक होतात, तर कमी शिकलेले मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांवर जातात, कित्येकदा योग्य कागदपत्रांशिवाय. ज्या घरातले माणूस बाहेर गेले आहे तेथे रकमेची चौकशी करण्याआधी त्याच्या खुशालीची करावी.

पर्यटनाने हे बदलते का, हे पाहायचे असल्यास वाए रेबोला जावे. देंगे या पायथ्याच्या गावापासून डोंगर चढत सुमारे तीन तासांवर हे गाव आहे. तेथील सात शंकूच्या आकाराच्या घरांच्या पुनर्बांधणीला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. पाहुण्यांकडून ठरलेले शुल्क घेतले जाते आणि डोंगरावरची कॉफी पाहुण्यांनाच विकता येते. तरीही शाळेसाठी मुले खाली कोम्बो येथे राहतात. प्रत्येक गाव वाए रेबो होऊ शकणार नाही, म्हणून मुक्कामाच्या गावात पर्यटनाची आशा स्वतः पेरू नये.

निघण्यापूर्वीचे दोन दिवस मोकळे ठेवावेत. आपल्या नोंदींचे इंडोनेशियन भाषेत चार-पाच पानी टिपण करून ते लोकांसमोर वाचावे, चुका दुरुस्त करून घ्याव्यात, आणि ज्या घरांनी नाव वा कर्जाचा उल्लेख नको म्हटले असेल तो तेथेच खोडावा. दुरुस्त प्रत एक ग्राम कार्यालयात आणि एक ढोलाच्या घरी द्यावी.