शरद ऋतूतील साधे जेवण: पाहुण्या कुटुंबासाठी तयारीची यादी

यादीच्या पहिल्या ओळीत पदार्थांची नावे नसावीत, माणसांची असावीत. येणाऱ्या कुटुंबात मोठी माणसे किती, मुले किती, त्यांची वये काय, सोबत कोणी वयस्कर येणार आहे का, हे आठवडाभर आधी फोन करून विचारून घ्यावे आणि त्याच वेळी खाण्यातील वर्ज्य गोष्टीही विचाराव्यात. ‘काही पथ्य आहे का?’ असा मोघम प्रश्न केला, तर संकोचापोटी ‘छे, आम्हाला काहीही चालते’ असेच उत्तर येते. म्हणून गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, अक्रोड, तीळ, सोयाबीन, मासे अशी एकेका पदार्थाची नावे घेऊनच विचारावे, कारण ॲलर्जी प्रामुख्याने याच पदार्थांची आढळते. मांसाहार आणि तिखट किती चालते, हेही त्यातच येऊन जाते. मिळालेली उत्तरे स्मरणावर न सोडता यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावीत.

बेत ठरवताना मी एकच कसोटी लावते: पाहुणे दारात आल्यानंतर ज्या पदार्थासाठी पंधरा मिनिटांहून अधिक वेळ ओट्यापाशी उभे राहावे लागेल, तो पदार्थ त्या दिवशी नको. लोक आपल्या घरी आपल्याला भेटायला येतात. त्यांना बैठकीत बसवून आपण स्वयंपाकघरात तळण काढत राहिलो, तर बोलावण्याचा हेतूच मागे पडतो. म्हणून एक दाट सूप, भाजलेल्या भाज्यांचा एक ट्रे, चालत असल्यास त्यासोबत भाजलेली कोंबडी, पाव, एखादी ताजी कोशिंबीर आणि फळांचे गोड एवढा बेत पुरेसा आहे. यांपैकी एकही पदार्थ त्या दिवशी पहिल्यांदाच करून पाहू नये.

या ऋतूची जमेची बाजू अशी, की त्यातील भाज्या आपली घाई समजून घेतात. लाल भोपळा, रताळी, गाजर, बीट आणि कांदा तीन-चार दिवस आधी आणले तरी खराब होत नाहीत, आणि भाजल्यावर त्यांची अंगची गोडी वर येते, त्यामुळे मसाल्याचा फारसा खटाटोप करावा लागत नाही. मशरूम, पालेभाजी आणि पाव मात्र आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आणावेत.

प्रमाणासाठी चार मोठी माणसे आणि चार मुले असे आठ जण धरू. मोठ्यांना 250 मिलिलिटर आणि मुलांना 150 मिलिलिटर या हिशेबाने 1.6 लिटर सूप लागते, म्हणून दोन लिटर करावे; त्यासाठी साधारण दीड किलोचा भोपळा, दोन कांदे आणि सुमारे एक लिटर पाणी पुरते. भाज्या भाजताना त्यांतील पाणी उडून त्या बऱ्याच आक्रसतात, म्हणून चिरलेल्या कच्च्या भाज्या दोन किलो घ्याव्यात. कोंबडीचे हाडासकट तुकडे मोठ्यांना दोन आणि मुलांना एक धरले, तर बारा होतात.

भोपळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तयारीतील सर्वांत दमवणारे काम तेच आहे. गोल भोपळा पाटावर घरंगळतो आणि सुरी निसटते; म्हणून आधी त्याच्या बुडाची पातळ चकती कापून त्याला सपाट बैठक द्यावी आणि मग उभे दोन भाग करावेत. बिया काढाव्यात, साल मुळीच सोलू नये. कापलेली बाजू खाली ठेवून 200 अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास भाजावे. सालीवर सुरकुत्या पडतात, कडा तांबूस होतात, सुरीचे टोक लोण्यात शिरावे तसे आत जाते, आणि मग गर चमच्याने अलगद सुटतो. ट्रेमध्ये साठलेला गोडसर रस फेकू नये, तो सुपातच घालावा.

हे सूप आदल्या दिवशीच करावे. रात्रभरात त्याची चव मुरते. मोठ्या पातेल्यात ते लवकर थंड होत नाही, म्हणून उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेले असते, तेव्हा गरम पाणी घालून चांगली उकळी आणावी. क्रीम सुपात न घालता वाटीत वेगळे द्यावे, म्हणजे दूध न चालणाऱ्यालाही तेच सूप घेता येते.

ओव्हन एकच असतो, हे यादी करताना हमखास विसरले जाते. गोड पदार्थ दुपारीच भाजून ठेवावा: आठ मध्यम सफरचंदांच्या फोडी, काळ्या पडू नयेत म्हणून त्यांवर लिंबाचा रस, थोडी दालचिनी, आणि वर पीठ, लोणी व साखर बोटांनी चोळून केलेला चुरा, 180 अंशांवर सुमारे 40 मिनिटे. संध्याकाळी भाज्या आणि कोंबडी 200 अंशांवर एकत्र भाजता येतात, मात्र कोंबडीचा ट्रे खालच्या कप्प्यात असावा, नाहीतर तिचा रस भाज्यांवर ठिबकतो. कच्च्या कोंबडीचा पाट आणि सुरीही वेगळी असावी. भाज्यांच्या फोडी एका थरात, मध्ये बोटभर जागा सोडून पसराव्यात. दाटीवाटीने भरल्या तर त्या भाजण्याऐवजी आपल्याच वाफेत उकडतात. कोंबडी झाली की नाही हे रंगावरून ठरवू नये, तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचे तापमान 74 अंशांवर जायला हवे.

मुलांचा वाटा मिरपूड घालण्यापूर्वीच बाजूला काढावा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे किंवा बदाम देऊ नयेत, द्राक्षे उभी चिरून द्यावीत, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि मुले लवकर पेंगुळतात, म्हणून जेवणाची वेळ साडेसहा-सातची ठेवावी.

‘आम्ही काय आणू?’ असे पाहुण्यांनी विचारले, तर ‘काही नको’ म्हणून विषय मिटवू नये. पाव किंवा फळे सांगावीत. मुख्य पदार्थ मात्र त्यांच्यावर सोपवू नये, कारण वाटेत त्यांना उशीर झाला तर सगळ्यांचेच जेवण अडून राहते.

ताटे, वाट्या, चमचे आणि खुर्च्या आदल्या रात्रीच प्रत्यक्ष मोजून घ्याव्यात. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी सिंक रिकामे असावे, ट्रे ओव्हनमध्ये असावेत आणि सूप मंद आचेवर असावे. झाकणाचे दोन-तीन रिकामे डबेही हाताशी ठेवावेत: जेवण आटोपल्यावर उरलेले अन्न दोन तासांच्या आत त्यांत भरून फ्रिजमध्ये जाते, आणि पाहुण्यांना दुसऱ्या दिवसासाठी सूप द्यायचे असेल तर ऐनवेळी डबा शोधावा लागत नाही.