फोटो जपताना या चुका टाळा: ‘बॅकअप होता, पण…’

ओळखीत कुणाचे फोटो उडाले की फोन मला येतो. मी पहिला प्रश्न ठरलेला विचारते, “बॅकअप होता का?” ‘नव्हता’ हे उत्तर क्वचितच ऐकू येतं. बहुतेक जण म्हणतात, “होता की! पण…” या ‘पण’च्या पुढे जे येतं, त्याबद्दलच हा लेख आहे. बॅकअपचा कंटाळा करणाऱ्यांचे फोटो जातातच, पण बॅकअप आहे असं समजून निर्धास्त राहिलेल्यांचे जास्त गेलेले मी पाहिलेत.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सगळ्यात जास्त घात इथे होतो. फोनमधली जागा संपते, माणूस गूगल फोटोज उघडतो, दोन-तीन वर्षांचे फोटो निवडतो आणि डिलीट करतो. मनात हिशोब असा की फोनमधले गेले तरी क्लाउडवरचे आहेतच. पण त्या ॲपमधून उडवलेला फोटो दोन्हीकडून जातो. आयक्लाउड फोटोजचंही तसंच आहे. आयफोनवर पुसलेला फोटो आयपॅड आणि मॅकवरूनही नाहीसा होतो. सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवरचे फोटो सारखे ठेवणं, हा आरसा आहे. इकडे केलेली चूकही तो तितक्याच इमानाने तिकडे दाखवतो.

फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. ज्यांची प्रत वर गेलेली आहे तेवढेच फोटो तो फोनमधून काढतो. चूक होऊनच गेली असेल तर आजच ट्रॅश उघडा. बॅकअप झालेले फोटो गूगल ६० दिवस ठेवतं, ॲपलच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ते साधारण ३० दिवस राहतात. ‘रविवारी निवांत बघू’ म्हणणाऱ्यांची मुदत नेमकी शनिवारी संपलेली असते.

दुसरी गोची याच्या अगदी उलटी. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल तर जागा कमी पडू लागताच मूळ फोटो क्लाउडवर राहतात आणि फोनमध्ये त्यांची हलकी आवृत्ती उरते. गॅलरीत सगळं दिसतं, पण केबल लावून संगणकावर घ्यायला गेलं की निम्मे फोटो सापडत नाहीत. आधी ‘डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स’ निवडा, सगळं उतरू द्या, मग केबल लावा. फोनमध्ये तेवढी जागाच नसेल तर संगणकाच्या ब्राउझरमधून थेट आयक्लाउडवरून उतरवा.

तिसरी चूक म्हणजे नेमकं काय वर जातंय हे न बघणं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याचं फोल्डर आपोआप बॅकअप होतं. व्हॉट्सॲपचं, स्क्रीनशॉटचं, बाकीच्या ॲपचं फोल्डर तुम्ही स्वतः चालू करावं लागतं. शिवाय १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. १५ जीबीची मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून वापरतात. ती भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, आपण ती बाजूला सारतो, आणि जुने फोटो दिसत राहतात म्हणून काही बिनसलंय हे लक्षातच येत नाही. तपासायची रीत सोपी आहे. दुसऱ्याच एखाद्या यंत्रावर ब्राउझर उघडून आपल्या खात्यात जा आणि कालचा फोटो दिसतोय का बघा. आपल्याच फोनवर बघून उपयोग नाही, तिथे तर तो दिसणारच.

‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होऊन साठतात, हेही माहीत असू द्या. रोजच्या फोटोंना ते चालतं. पण दुसरी प्रत म्हणून त्यावर विसंबायचं असेल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’च हवी.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपला अल्बम समजणं

पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यात दडलेली, फोटो काढल्याची तारीख गळून पडते. २०२३ मध्ये आलेला ‘एचडी’ पर्याय बरा, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ फाइल हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. घरच्या कार्यक्रमाचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडून त्याच आठवड्यात घ्या, कारण सहा महिन्यांनी त्याने फोन बदललेला असतो.

हार्ड डिस्कवर ‘टाकले’ आणि फोनमधून पुसले

याला बॅकअप म्हणत नाहीत, हे नुसतं घर बदलणं झालं. प्रत एकच होती, एकच राहिली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम इथे कामी येतो. फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. क्लाउडवर मूळ आकारातले फोटो असतील तर घराबाहेरची प्रत झालीच. नाहीतर दुसरी डिस्क भावाकडे, मैत्रिणीकडे ठेवा आणि त्यांचीही एक तुमच्याकडे ठेवून घ्या.

हा नियम मला पाठ होता. तरीही माझ्या दोन्ही डिस्क मी एकाच पिशवीत ठेवल्या आणि ती पिशवी टेबलावरून खाली आली. एक डिस्क टकटक आवाज करू लागली. दुसरी सुरू झाली, आणि मला हायसं वाटलं. मग फोल्डर उघडलं तर शेवटचे दोन वर्षांचे फोटो त्यात नव्हतेच. कारण शोधायला संध्याकाळ गेली. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही. एका लांबलचक व्हिडिओपाशी कॉपी अडली, ‘फाइल टू लार्ज’ असा संदेश आला, मी घाईत ‘स्किप’ऐवजी ‘कॅन्सल’ दाबलं, आणि पुढचं सगळं तिथेच थांबलं. मी मात्र ‘झालं’ असं समजून डिस्क काढून ठेवली. त्या दोन वर्षांतलं निम्मं-अधिक नातेवाइकांच्या फोनमधून गोळा केलं. बाकीचं गेलं.

तेव्हापासून कॉपी झाली की मी दोन्ही फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडते. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का बघते. मग पहिला, शेवटचा, अधलामधला असे पाच-सहा फोटो आणि एक व्हिडिओ प्रत्यक्ष उघडते. थंबनेल, म्हणजे फाइलीचं छोटं चित्र, दिसणं म्हणजे फोटो उघडणं नव्हे. खराब फाइलीचंही थंबनेल कधीकधी छान दिसतं.

कॉपी करताना नेहमी अडणाऱ्या आणखी काही जागा सांगते. ४ जीबीची अडचण एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅट पद्धतीत येत नाही, पण फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ती रिकामी करा. आयफोन विंडोजला जोडल्यावर मधेच ‘डिव्हाइस’विषयी त्रुटी येऊन कॉपी तुटत असेल, तर फोनमध्ये ‘फोटोज’च्या सेटिंगमध्ये तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ करा, बहुतेकदा काम होतं. ‘कट-पेस्ट’ कधीच करू नका. मधेच केबल हलली तर फाइल ना इकडे ना तिकडे. आधी कॉपी, मग तपासणी, मगच पुसणं. आणि ‘याच नावाची फाइल आहे, रिप्लेस करू का?’ असं विचारलं तर थांबा. बरेच कॅमेरे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून मोजतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन पूर्णपणे वेगळे फोटो असू शकतात. दर वर्षाचं, दर महिन्याचं वेगळं फोल्डर केलं आणि नावाची सुरुवात २०२४-०५ अशी वर्ष-महिना या क्रमाने केली, की ही भानगड उरत नाही आणि फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. आणि पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तो भार झिरपतो. फोटो इकडून तिकडे न्यायला पेनड्राइव्ह उत्तम.

उडाल्यावर केलेली घाई

मेमरी कार्डवरचे फोटो पुसले गेले तर त्या क्षणापासून कार्ड वापरणं बंद करा. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याची जागा फक्त ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. पुढचा फोटो नेमका त्याच जागेवर बसू शकतो. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर अशा फाइली शोधून काढतं. सापडलेलं मात्र त्याच कार्डवर साठवू नका, दुसऱ्या डिस्कवर घ्या. फाइलींची मूळ नावं मिळणार नाहीत, तेवढं सोसावं लागतं. कार्ड लावताच संगणकाने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

हार्ड डिस्क टकटक करत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका. पुन्हा पुन्हा लावून बघणं म्हणजे जखमी पायावर चालणं. बंद करा आणि त्यातले फोटो तितके मोलाचे असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

फोनच्या आतल्या मेमरीचं मात्र आशा धरण्यासारखं फारसं नाही. हल्लीच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि पुसलेली जागा फोन स्वतःच साफ करतो. ‘सगळे फोटो परत’ म्हणणारी ॲप्स बऱ्याचदा कुठेतरी उरलेली बारीक थंबनेल्स काढून देतात. आधी ट्रॅश बघा, मग ज्यांना ज्यांना ते फोटो पाठवले होते त्यांना विचारा. माझ्या अनुभवात दुसऱ्या उपायाला जास्त यश येतं.

कागदी फोटो: आधी कुठले?

जुने फोटो स्कॅन करायला बसलं की हात आपोआप सगळ्यात जुन्या कृष्णधवल फोटोंकडे जातो. मी उलट सांगेन. नीट धुतलेल्या कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीची असते, ती बरीच टिकाऊ. १९७०-८० च्या काळातल्या रंगीत फोटोतली प्रतिमा रंगद्रव्यांची, आणि ती बंद अल्बममध्ये, अंधारातही विटतात. त्या काळातले फोटो तांबूस दिसतात ते निळसर द्रव्य आधी उडाल्यामुळे. म्हणून आधी रंगीत. घरात व्हीएचएस कॅसेट असतील तर त्यांचा नंबर त्याहून आधीचा, कारण टेप खराब होतेच, पण ती चालवणारं यंत्रही मिळेनासं झालंय. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि तेव्हा ते बनवणारी तीच उरली होती.

४ बाय ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर जेमतेम २२ लाख पिक्सेल मिळतात, ६०० ने ८६ लाख. ६०० ठेवा. त्यापुढे प्रिंटमध्ये सहसा जास्त तपशीलच नसतो, फाइल तेवढी फुगते. निगेटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी. त्यात प्रिंटपेक्षा जास्त तपशील असतो, ती ३००० डीपीआयच्या आसपास स्कॅन करता येते. म्हणूनच ‘फोटो आहेत ना, मग या पट्ट्या कशाला’ म्हणून निगेटिव्ह टाकून देणं ही मोठी चूक. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटोही टाकू नका.

स्कॅन केलेल्या फाइलवर तारीख स्कॅनची पडते. त्यामुळे १९८३ चा फोटो गॅलरीत या वर्षीच्या फोटोंमध्ये जाऊन बसतो. डिजिकॅम किंवा एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फाइलमधली तारीख बदला. गूगल फोटोजमध्येही बदलता येते, पण ‘टेकआउट’ या गूगलच्याच सोयीने सगळं उतरवून घेताना ती दुरुस्ती फोटोत नसते, सोबतच्या जेसन (.json) या माहितीच्या फाइलीत असते. त्या फाइली कचरा समजून उडवू नका.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. जेपेग फाइल उघडल्याने किंवा कॉपी केल्याने बिघडत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावरच दर वेळी थोडी झीज होते. तेव्हा काटछाट प्रतीवर करा.

चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले अल्बम फोटोंचे वैरी आहेत. गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. ओढून काढू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवा. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. नवे खिसे घेताना पीव्हीसी टाळा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालेल. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे उमटतं, मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहा. पण लिहा! कोण, कुठे, साधारण कधी. हे विचारायला घरातलं वयस्कर माणूस समोर बसलेलं असेल तर स्कॅनर राहू द्या आणि आधी त्याच्याशी बोला.

फोटो भिजले तर एकमेकांना चिकटलेले तसेच वाळू देऊ नका. वरचा थर जिलेटिनचा, वाळताना तो गोंदासारखा धरतो. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून हवेवर वाळवा, उन्हात नको. खूप असतील तर दोन दिवसांच्या आत फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे सवडीने थोडे थोडे काढता येतात. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलातून निघालेले लाखो फोटो स्वयंसेवकांनी धुऊन वाळवले, त्यातले बरेच घरोघरी परत गेले. काचेला चिकटलेला फोटो मात्र सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा.

खातं एकट्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याच डोक्यात

घरातले सगळे फोटो एकाच्या खात्यात असतात आणि दोन टप्प्यांची पडताळणी त्याच्याच फोनवर येते. तो फोन हरवला, किंवा तो माणूसच राहिला नाही, की कुलूप उघडत नाही. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. त्यावर ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ठराविक महिने वापरलंच गेलं नाही तर कुणाला काय उतरवून घेता यावं हे त्यात आधी सांगता येतं. ॲपलने २०२१ मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणला, त्यात मिळणारी किल्ली छापून कागदपत्रांत ठेवावी. या दोन्ही सेटिंगना मिळून अर्धा तासही लागत नाही. फक्त ज्याचं नाव घातलं त्याला तसं सांगून ठेवा, नाहीतर गूगलची मेल आली की तो ती फसवणूक समजून उडवून टाकेल.