उच्च दाबाचा रेसिप्रोकेटिंग पंप निवडताना या चुका टाळा

पंपाची चौकशी बहुधा "किती बारचा मिळेल?" या (बार हे दाबाचे एकक) प्रश्नाने सुरू होते आणि पहिली चूक तिथेच होते. रेसिप्रोकेटिंग पंप मुळात दाब देत नाही, तो प्रवाह देतो. त्यातला प्लंजर, म्हणजे पुढेमागे सरकणारा दांडा, प्रत्येक फेरीला ठरावीक द्रव पुढे ढकलतो आणि पुढची नोझल किंवा पाइपलाइन त्याला जेवढा अडथळा करते, तेवढा दाब चढतो. म्हणून आधी कामाला लागणारा प्रवाह ठरवावा आणि मगच दाबाकडे वळावे. "पुढेमागे लागेल" म्हणून 200 बारच्या कामासाठी 350 बारचा पंप घेणे मला मुळीच पटत नाही, कारण त्याच बांधणीच्या पंपात दाबाची मर्यादा वाढवायची तर प्लंजर बारीक करावा लागतो आणि नेमका हवा असलेला प्रवाह घटतो.

मोटरचा हिशोब सोपा असूनही अनेकदा अंदाजाने केला जातो. मिनिटाला 60 लिटर आणि 200 बार असतील, तर दोन्हींचा गुणाकार करून 600 ने भागल्यास 20 किलोवॅट येतात. कार्यक्षमता 90 टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे 22.2 किलोवॅट लागतात, म्हणजे 22 किलोवॅटची मोटर अपुरी ठरते आणि पुढच्या मापाची घ्यावी लागते.

सर्वाधिक नुकसान मात्र सक्शनकडे, म्हणजे पंपात पाणी येणाऱ्या बाजूकडे, दुर्लक्ष केल्याने होते. पंपाच्या तोंडाशी 25 मिमीचा आटा दिसला की टाकीपर्यंत त्याच मापाचा पाइप ओढला जातो. याच 60 लिटरला 25 मिमी पाइपात वेग सेकंदाला सुमारे 2 मीटर होतो, तर 50 मिमीमध्ये तो अर्ध्या मीटरवर येतो. शिवाय इथे पाणी सलग वाहत नाही. प्लंजरच्या प्रत्येक ओढीबरोबर पाइपातील पाण्याचा वेग वाढतो आणि लगेच कमी होतो. त्यासाठी खर्च होणारा दाब पाइपची लांबी, पाण्याचा वेग आणि पंपाचे आरपीएम या तिन्हींच्या प्रमाणात वाढतो. असा दाब फार उतरला की पाण्याची वाफ होऊ लागते, पाणी गरम असेल तर आणखी लवकर, आणि कॅव्हिटेशन, म्हणजे वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे, सुरू होते. पंपाच्या डोक्यात (हेडमध्ये) खडे खळखळल्यासारखा आवाज येतो, गेजचा काटा थरथरतो, सक्शन होजवर हात ठेवला तर ती धडधडताना जाणवते. अशा वेळी पॅकिंग (प्लंजरभोवतीचे गळती रोखणारे सील) आवळत बसू नये. टाकीची पातळी वाढवून किंवा आरपीएम कमी करून पाहावे. आवाज उतरला तर दोष बहुधा सक्शनचाच असतो. आधी गाळणी तपासावी, मग पाइपचे माप. पंपाचा व्हॉल्व्ह खोललाच असेल तर त्याच्या सीटवरून (तो टेकतो त्या जागेवरून) नख फिरवावे. कॅव्हिटेशन जुने असेल तर सुईने टोचल्यासारखे खड्डे नखाला लागतात.

सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या) पंपाची सवय असलेल्यांनी एक गोष्ट मनावर घेतलीच पाहिजे. तो पंप डिस्चार्ज (पाणी बाहेर पडण्याची बाजू) बंद असताना काही काळ नुसता घुसळत राहतो. हा पंप मात्र मोटर ट्रिप होईपर्यंत किंवा काहीतरी फुटेपर्यंत दाब चढवत नेतो. म्हणून दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पंप आणि पहिला बंद करता येणारा व्हॉल्व्ह यांच्यामध्येच हवा. त्यातून सुटणारे बायपासचे पाणी सक्शनच्या तोंडाशी न सोडता टाकीत सोडावे, नाहीतर तेच थोडे पाणी फिरत राहून झपाट्याने तापते आणि सील जळतात.

सील निवडताना द्रव सांगितल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. ईपीडीएम रबर गरम पाण्यात उत्तम टिकते, पण खनिज तेलात फुगून निकामी होते. तीन प्लंजरच्या पंपात प्रवाहाचा चढउतार सुमारे 23 टक्के, तर पाच प्लंजरच्या पंपात सुमारे 7 टक्के असतो. लांब पाइपलाइन असेल तर डॅम्पनर (दाबाचे धक्के शोषणारी वायू भरलेली कुपी) लावावा आणि त्यात फक्त नायट्रोजन भरावा.

चालू पंपाचा दाब उतरला की लगेच पंप खोलण्याची घाई होते. नोझलचे छिद्र क्षेत्रफळाने केवळ 10 टक्के झिजले, तरी तेवढ्याच प्रवाहाला 200 बारचे सुमारे 165 बार होतात. म्हणून आधी नवी नोझल लावून पाहावी. तरीही दाब चढला नाही, तर काम चालू असताना बायपास लाइनमधून पाणी वाहते आहे का ते पाहावे आणि तीही कोरडी असेल, तरच व्हॉल्व्ह व पॅकिंगकडे वळावे.